मोटरचा सोऱ्या आणि केकवरची साखर

दिवाळीच्या आधी माळ्यावरून सोऱ्या खाली उतरतो. भांड्यात मळलेले पीठ, वरून दट्ट्या, खाली हवी ती चकती. हात फिरवला की शेव नाहीतर चकली बाहेर. मऊ पदार्थ दाबाखाली छोट्या छिद्रातून बाहेर काढून त्याला आकार द्यायचा, हे तंत्र आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता याच सोऱ्याला मोटर लागली आहे. पिठाऐवजी त्यात केकवरचे आयसिंग भरतात, मोटर संगणकाच्या आज्ञेप्रमाणे फिरते आणि केकवर नाव, फूल, चित्र उमटते. इंग्रजीत या भागाला एक्स्ट्रूडर म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला मोटरचा सोऱ्या म्हणू.

आरोग्याच्या सदरात यंत्राचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण असे की, हे यंत्र आता कारखान्यात नव्हे, घरात बनते. अभियांत्रिकीची आणि आयटीआयची मुले ते प्रकल्प म्हणून करतात, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडता येते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून केक करून देणाऱ्या भगिनींची संख्या गावोगाव वाढली, त्यांनाही असे यंत्र हाताशी असावे असे वाटते. मोटर कोणती, दांडा किती जाडीचा, संगणकाला कसे जोडायचे, याची माहिती भरपूर मिळते. पण या यंत्रातून निघणारी वस्तू कोणाच्या तरी तोंडात जाणार आहे, आणि बहुधा ते तोंड लहान मुलाचे असणार आहे, याचा विचार सर्वांत शेवटी होतो. तो सर्वांत आधी व्हावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

यंत्राची रचना

रचना अवघड नाही. साठ मिलिलिटरची मोठी सिरिंज किंवा तशीच एखादी नळी घ्यायची. तिच्या दट्ट्यामागे आट्यांचा दांडा आणि नट बसवायचा. दांडा मोटर फिरवते, नट पुढे सरकतो आणि दट्ट्याला ढकलतो. यासाठी स्टेपर मोटर वापरतात. ही मोटर सलग न फिरता पावलापावलाने फिरते. नेहमीच्या मोटरीत एका पूर्ण फेऱ्याची २०० पावले असतात. आठ मिलिमीटर जाडीच्या साध्या आट्यांच्या दांड्यावर एका फेऱ्यात नट सव्वा मिलिमीटर पुढे जातो. सिरिंजचा आतला व्यास पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास धरला, तर एका फेऱ्यात पाऊण मिलिलिटरपेक्षा किंचित कमी आयसिंग बाहेर येते. हाताने इतके नेमके प्रमाण राखणे कठीण, म्हणून मोटर.

करून पाहणाऱ्यांना काही अडचणी हमखास येतात. पिठीसाखरेत एक जरी खडा राहिला तरी बारीक तोंड तुंबते. साखर वस्त्रगाळच हवी. आत हवेचा बुडबुडा राहिला तर रेघ मध्येच तुटते. मोटर थांबली तरी आतला दाब लगेच उतरत नाही, म्हणून आयसिंग थेंबाथेंबाने येतच राहते. त्यासाठी थांबताना मोटर थोडी उलटी फिरवावी लागते.

हे नवे नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००६ मध्ये 'फॅब ॲट होम' नावाचा उपक्रम सुरू झाला. घरी जुळवता येईल असे त्रिमितीय छपाईचे यंत्र आणि त्यात सिरिंज, अशी ती योजना होती. त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली होती. लोकांनी त्यात चॉकलेट, चीज आणि केकवरचे आयसिंगही भरून पाहिले. पुढे २०१३ मध्ये 'नासा' या अंतराळ संस्थेने दूरच्या अंतराळ प्रवासात अन्न छापता येईल का, हे पाहण्यासाठी टेक्सासमधल्या एका कंपनीला १ लाख २५ हजार डॉलर दिले. त्या कामातले भारतीय वंशाचे अभियंते अंजन कॉन्ट्रॅक्टर यांनी पिझ्झा छापून दाखवला. त्यातून पुढे निघालेली कंपनी नंतर केक आणि बिस्किटे सजवणाऱ्या यंत्रांकडे वळली. अंतराळवीरांच्या जेवणापासून निघालेली वाट वाढदिवसाच्या केकपर्यंत आली, ती अशी.

कढईचा फरक

आपल्या सोऱ्यात आणि या नव्या सोऱ्यात आरोग्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. सोऱ्यातून निघालेली शेव उकळत्या तेलात पडते. तळणीच्या तेलाचे तापमान साधारण १७० ते १८० अंश असते. सोऱ्याच्या कडेला, चकतीच्या छिद्रात, करणाऱ्याच्या हातावर जे काही जंतू असतील ते त्या कढईत संपतात. कुरडई कढईत जाण्याआधी उन्हात कडक वाळते. म्हणजे आपल्या जुन्या तंत्रात सोऱ्यानंतर एक शुद्धीची पायरी होती. ती चवीसाठी होती, पण तिने आपले रक्षणही केले.

केकवरच्या आयसिंगला ही पायरी नाही. केक आधी भाजलेला असतो. आयसिंग नंतर चढते आणि तसेच तोंडात जाते. नळीत, तोटीत किंवा दट्ट्याच्या रबराखाली जे असेल ते सगळे त्याच्याबरोबर जाते. 'आमच्या आजीचा सोऱ्या वर्षभर माळ्यावर पडलेला असायचा, आम्हाला कुठे काय झाले?' असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आजीच्या मदतीला कढई होती. या यंत्रात तुमच्या मदतीला केवळ तुमची स्वच्छता आहे.

म्हणून माझे मत असे की, या यंत्राकडे यंत्र म्हणून न पाहता भांडे म्हणून पाहावे. ज्या भागांना आयसिंग लागते तेवढे भाग स्वयंपाकघराचे. मोटर, दांडा, तारा हे भाग कार्यशाळेचे. दोन्हींच्या मध्ये स्पष्ट सीमा हवी. मोटर आणि दांड्याखाली एक आडवी पत्री किंवा ताटली बसवली, तर दांड्याचे ग्रीस आणि नटाचा झिजलेला चुरा केकवर पडणार नाही. एवढी साधी गोष्टही यंत्र बनवताना विसरली जाते.

भांडे कशाचे?

पहिली गोष्ट तोटीची. प्लास्टिक छापणाऱ्या यंत्राच्या तोट्या पितळी असतात, आणि हाताशी आहे म्हणून तीच तोटी आयसिंगला लावण्याचा मोह होतो. पितळ यंत्रावर सहज कापले जावे म्हणून त्यात थोडे शिसे मिसळतात. अशा पितळात ते तीन टक्क्यांच्या आसपासही असू शकते. घडीभराच्या स्पर्शाने आयसिंगमध्ये फार शिसे उतरेल असे नाही. तथापि लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो नंतर भरून येत नाही. केकच्या सामानाच्या दुकानात स्टेनलेस स्टीलच्या तोट्या थोड्या पैशांत मिळतात. मग पितळेचा हट्ट कशाला? लिंबाचा रस घातलेले आयसिंग तर पितळेला लागूच देऊ नये. आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई उगाच करत नव्हते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी करायची नाही, हे घरातल्या जुन्या माणसांना कोणी शिकवावे लागले नव्हते. भारतातल्या अन्नभेसळविषयक जुन्या नियमांनीही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती.

दुसरी गोष्ट छापलेल्या प्लास्टिकची. ज्यांच्याकडे त्रिमितीय छपाईचे यंत्र असते ते आयसिंगची नळी आणि तोटीही त्यावरच छापून घेतात. पीएलए नावाचे प्लास्टिक मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून बनते, त्यामुळे ते अन्नाला चालते असा समज आहे. मूळ पदार्थ निरुपद्रवी असला तरी त्यात रंग आणि इतर काय मिसळले आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय छापलेली वस्तू थरावर थर देऊन बनते. दोन थरांमध्ये बारीक खाचा राहतात. त्यांत लोणी आणि साखर जाऊन बसते आणि ब्रश तिथे पोहोचत नाही. उकळत्या पाण्यात टाकावे तर हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते, नळी वाकडी होते. जे भांडे नीट घासता येत नाही आणि उकळताही येत नाही, त्यात आपण दूध ठेवू का? मग आयसिंगही ठेवू नये. मोटर धरणारी चौकट छापलेली असायला हरकत नाही. अन्नाला लागणारा भाग मात्र छापलेला नसावा.

तिसरी गोष्ट सिरिंजची. दवाखान्याची सिरिंज एकदाच वापरून टाकण्यासाठी बनवलेली असते. तिच्या दट्ट्याच्या रबराला दोन कडा असतात आणि त्यांच्यामधल्या खोबणीत पदार्थ अडकतो. नवी, पाकीटबंद सिरिंज एका वेळेपुरती वापरून टाकून दिली तर फारशी हरकत नाही. पण तीच महिनाभर धुऊन वापरणे चूक. आणि आधी कुठेही वापरलेली सिरिंज, मग ती कितीही स्वच्छ दिसो, अन्नाच्या जवळही आणू नये. हे सांगावे लागू नये, पण प्रकल्पाचा खर्च वाचवण्यासाठी मुले काय काय गोळा करतात हे पाहता सांगितलेले बरे.

यापेक्षा चांगला मार्ग आहे. केकवाले आयसिंगसाठी प्लास्टिकचा कोन वापरतात. अन्नासाठी बनवलेले असे कोन एकदा वापरून टाकून देण्यासाठी असतात. स्टीलची सरळ नळी घ्यावी, तिच्या आत हा कोन बसवावा, तोंडाला स्टीलची तोटी लावावी आणि मागून दट्ट्याने कोन दाबावा. आयसिंगचा स्पर्श फक्त कोनाला आणि तोटीला होतो. काम झाले की कोन टाकावा, तोटी उकळावी. यंत्राची नेमकेपणाची किंचित हानी होईल, पण पोटाची होणार नाही.

उन्हाळा, लोणी आणि जंतू

आयसिंगमध्ये साखर भरपूर असते, त्यामुळे ते खराब होत नाही, असे समजले जाते. हे अर्धे खरे आहे. लोणी आणि पिठीसाखर एवढेच असेल तर साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. पण त्यात दूध, ताजी साय किंवा कच्च्या अंड्याचा पांढरा भाग आला की चित्र बदलते. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला हे जंतू येऊ शकतात. दुसरे, स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आपल्या नाकात आणि त्वचेवर असतात. बोटाला चिरलेले असेल, गळू झाले असेल तर तिथे ते अधिक असतात. क्रीम भरलेल्या पदार्थांत हे जंतू वाढल्यावर जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यानंतर काही तासांतच जोराच्या उलट्या, पोटात कळा, जुलाब. समारंभात दहा-वीस जण एकदम आजारी पडतात, त्याचे कारण कित्येकदा हेच असते.

यंत्रामुळे धोका वाढतो तो वेळेमुळे. हाताने नाव घालायला दोन मिनिटे लागतात. यंत्रात आयसिंग भरायचे, तोटी जुळवायची, एकदा चुकले की पुन्हा, असे करता करता तास-दीड तास सहज जातो. पाच ते साठ अंश तापमान जंतूंना मानवते. नासणारे अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर बत्तीस अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तासापेक्षा जास्त नको, असा साधा नियम आहे. आपल्याकडे मार्च ते जून पारा बत्तिशीच्या खाली दुपारी येतोच कुठे? लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांत वितळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या दुपारी तर आयसिंग तोटीतून पाण्यासारखे वाहील. त्यात स्टेपर मोटर चालताना चांगलीच तापते. ती नळीला चिकटून बसवली की आयसिंगला आतून ऊब मिळते. मोटर नळीपासून लांब ठेवावी आणि हे काम सकाळच्या गारव्यात उरकावे.

धुण्याची पद्धत साधी आहे, पण तिचा कंटाळा येतो. आयसिंग तेलकट असते, गार पाण्याने निघत नाही. काम संपताच सगळे भाग सुटे करावेत, गरम पाण्यात साबणाने घासावेत, तोटीत बारीक ब्रश घालावा, स्वच्छ पाण्याने खंगाळावे, स्टीलचे भाग दहा मिनिटे उकळावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. ओलसर भाग डब्यात बंद करून ठेवू नयेत. जे यंत्र सुटे करायला अर्धा तास लागतो ते कोणी रोज धुणार नाही, म्हणून बनवतानाच ते हाताने खोलता येईल असे बनवावे. यंत्र किती सुबक चालते यापेक्षा ते किती लवकर खोलून धुता येते, यावर मी त्याला गुण देईन.

विजेबद्दल दोनच शब्द. घरातली २३० व्होल्टची वीज थेट यंत्रात आणू नये. चांगल्या कंपनीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा. ओल्या हाताने तारांना शिवू नये. सोऱ्या फिरवताना पीठ घट्ट झाले की हाताला कळते आणि हात थांबतो. मोटरला ते कळत नाही. लहानशी मोटरही आट्यांच्या दांड्यातून कित्येक किलोंचा दाब देते. तोटी तुंबली तरी ती दाबतच राहते आणि सिरिंज फुटते, नाहीतर मध्ये आलेले बोट चेंगरते. दट्ट्या शेवटाला पोहोचताच मोटर बंद करणारे बटण आणि हाताशी मुख्य स्विच, या दोन्ही गोष्टी हव्यातच.

आत काय भरता?

आता मुख्य प्रश्न. यंत्र उत्तम बनले, स्वच्छही राहिले. पण त्यातून बाहेर काय येते? लोण्याच्या आयसिंगचे सर्वसाधारण प्रमाण एक भाग लोणी आणि दोन भाग पिठीसाखर असे असते. साठ मिलिलिटरची सिरिंज भरली की त्यात पन्नास ते साठ ग्रॅम आयसिंग बसते. म्हणजे पस्तीस ते चाळीस ग्रॅम साखर. सात-आठ लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावेत, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आले तर अधिक बरे. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या प्रौढ माणसासाठी याचा अर्थ दिवसाला पन्नास ग्रॅम, आणि अधिक चांगले म्हणजे पंचवीस ग्रॅम. लहान मुलांसाठी त्याहूनही कमी. एका सिरिंजेतले आयसिंग दोघा मुलांनी खाल्ले तरी त्यांचा दिवसाचा वाटा जवळजवळ तिथेच संपतो. चहा-दुधातली साखर, बिस्किटे, सरबत अजून बाकीच असते.

यंत्राचा एक गुणच इथे दोष ठरतो. हाताने सजवताना हात दुखतो, म्हणून माणूस एक फूल काढून थांबतो. यंत्र दमत नाही. ते थरावर थर चढवून तीन बोटे उंच किल्ला उभा करते, आणि मुले केक बाजूला ठेवून किल्ला खातात. वाढदिवस वर्षातून एकदा येतो, त्या दिवशी साखर मोजत बसू नये हे मलाही मान्य आहे. पण वर्गातल्या चाळीस मुलांचे चाळीस वाढदिवस, त्यात शेजाऱ्यांचे, नातेवाइकांचे. वर्षातून एकदा असे आता काही राहिलेले नाही.

लोण्याऐवजी बाजारात मिळणारे वनस्पती तेलाचे क्रीम वापरतात, कारण ते स्वस्त असते आणि उन्हात लवकर वितळत नाही. तेल घट्ट करण्याच्या क्रियेत ट्रान्स मेद तयार होऊ शकतो, आणि तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना विशेष घातक असतो. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात खाद्यतेल, वनस्पती आणि ते घातलेल्या पदार्थांतल्या मेदात याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. तेव्हा सुटे, बिनलेबलाचे क्रीम घेऊ नये. पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावे.

रंगाचेही तसेच. गुलाबी रंगासाठी वापरले जाणारे रोडामाइन बी हे कापड रंगवण्याचे द्रव्य 'म्हातारीचे केस' या मिठाईत सापडले, म्हणून २०२४ मध्ये तामिळनाडू आणि पुदुच्चेरी सरकारांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली. अन्नाला परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आहेत आणि त्यांच्या बाटलीवर तसे छापलेले असते. सुटी पुडी कधीही घेऊ नये. बीट, हळद, पालक, केशर यांनी येणारा रंग थोडा फिका असतो, पण त्याची काळजी करावी लागत नाही. घरून केक विकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, अन्नसुरक्षा कायद्याखाली त्यांनाही नोंदणी करावी लागते, आणि ग्राहकाचे पोट बिघडले तर 'यंत्र घरी बनवलेले होते' ही सबब चालत नाही.

यंत्राचा खरा उपयोग

एवढे वाचून कोणाला वाटेल की लेखकाचा यंत्राला विरोध आहे. तसे मुळीच नाही. उलट हे यंत्र बनवणाऱ्या मुलांनी त्याचे तोंड केकवरून दुसरीकडे वळवावे, असे मला मनापासून वाटते.

पक्षाघात झालेले, कंपवाताचे, स्मृतिभ्रंशाचे, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेले अनेक रुग्ण आपल्या जिल्ह्यांतल्या घरांत आहेत. तंबाखूने आपल्याकडे असे रुग्ण किती वाढवले ते वेगळे सांगायला नको. यांतल्या पुष्कळांना घास नीट गिळता येत नाही. जेवताना ठसका लागतो, आवाज घोगरा आणि ओला येतो, अन्नाचा अंश श्वासनलिकेत उतरतो आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. अशांना सगळे अन्न मऊ, एकसारखे करून द्यावे लागते. घरोघरी काय होते? वरण, भात, भाजी एकत्र मिक्सरमधून फिरवून करड्या रंगाचा एक लगदा वाटीत येतो. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. रुग्ण दोन चमचे खाऊन मान फिरवतो. घरच्यांना वाटते भूक नाही. वजन उतरत जाते, अंगावरच्या जखमा भरत नाहीत, आणि मूळ आजारापेक्षा कुपोषणच त्याला खचवते.

इथे आकाराला किंमत आहे. युरोपात २०१२ ते २०१५ या काळात याच प्रश्नावर एक संयुक्त प्रकल्प झाला. जर्मनीतल्या बायोझून या कंपनीचा त्यात पुढाकार होता. गाजर, वाटाणे, कोंबडी यांचे वेगवेगळे मऊ लगदे करून ते यंत्राने पुन्हा गाजराच्या, वाटाण्याच्या आकारात ताटात मांडायचे, जिभेने दाबताच विरघळतील असे, अशी ती कल्पना होती. आपल्याकडे तंजावरच्या राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत अंडे आणि तांदळाचे पीठ यांच्या मिश्रणाची छपाई करून पाहण्यात आली आहे. आयसिंगचा जो गुण यंत्राला हवा असतो, म्हणजे दाबले की वाहावे आणि बाहेर पडले की आकार धरावा, तोच गुण मुगाच्या घट्ट वरणात, घोटलेल्या रताळ्यात, पालकाच्या लगद्यात आणता येतो. साखर नव्हे, प्रथिने त्यातून जाऊ शकतात.

अर्थात हे काम डॉक्टर आणि गिळण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावे. गिळण्याच्या त्रासासाठी अन्नाची दाटी ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे; तीत शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. पातळ पदार्थांची दाटी त्या पद्धतीत दहा मिलिलिटरच्या सिरिंजनेच तपासतात: दहा सेकंदांत किती पदार्थ खाली गळला आणि किती उरला, यावरून. चौथ्या पायरीच्या लगद्याची परीक्षा घरीही करता येते. चमच्यात घेऊन चमचा कलता केला की लगदा एकसंध घसरून पडावा, चमच्याला फारसा चिकटू नये. त्यात गाठ नसावी आणि बाजूला पाणी सुटू नये. जिलेटिन घालून घट्ट केलेला पदार्थ तोंडाच्या उबेने पातळ होतो, म्हणून काही रुग्णांना तो धोक्याचा ठरतो. कोणत्या रुग्णाला कोणती पायरी, हे तपासूनच ठरवावे.

यंत्राचीच वाट पाहायला हवी असेही नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी उद्यापासून एवढे करावे: वरण, भाजी, भात वेगवेगळे फिरवावे, वेगवेगळे चाळावे, आणि स्वच्छ कोनातून ताटात वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या आकारात मांडावे. हिरवे हिरवे दिसावे, पिवळे पिवळे दिसावे. आपण काय खातो आहोत ते रुग्णाला कळावे. बनवणाऱ्या मुलांनी मग हाच कोन मोटरच्या सोऱ्यात बसवावा, धुण्याचे आणि वेळेचे वर सांगितलेले नियम दुप्पट कसोशीने पाळावेत, कारण या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. एका ताटाला पाऊण तास लागत असेल तर ते यंत्र अजून तयार झालेले नाही, असे समजावे. अन्न तोवर निवून जंतूंच्या सोयीचे झालेले असते.

शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना एक विनंती. अन्न छापणारे यंत्र समोर आले की त्याने काढलेले फूल पाहण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारा. अन्नाला लागणारे भाग कशाचे आहेत? ते किती वेळात सुटे करून उकळता येतात? आणि यातून तुम्ही साखरेशिवाय काय काढून दाखवाल? ज्या मुलांकडे या तीन प्रश्नांची उत्तरे असतील त्यांना पहिला क्रमांक द्या. फुलाची एखादी पाकळी वाकडी आली असली तरी चालेल.